लिंबोणीखालची खूण

लोणीच्या सारजाबाईनं बिबट्याला कधी भाव दिला नाही. उसाच्या कडेला मेंढरं बसवलेली असताना वाघराजवळ, म्हणजे मेंढरांभोवती रोवतात त्या जाळीजवळ, बिबट्या घिरट्या घालायला लागला की बाकीच्या बाया पालात शिरायच्या. ही बाई मात्र चुलीतलं जळतं लाकूड उचलून, त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत पुढं व्हायची. अशी बाई हल्ली फोन वाजला की दचकते. हातातलं काम खाली ठेवते, पदर सावरते आणि फोन असेल तिथून दोन पावलं मागं सरते. सून पुष्पा हसते, शेजारणी हसतात. हसू देत बापड्या. सारजाबाईचं भय फुकटचं नाही, त्याची किंमत तिनं एकदा मोजलेली आहे.

धनगराच्या बिऱ्हाडाला पत्ता नसतो. दिवाळी झाली की निघायचं, माळशेजचा घाट उतरायचा आणि पावसाच्या तोंडावर परत फिरायचं. रोज सकाळी गडी मेंढरं घेऊन चारायला जायचे, आणि बाया घोड्यांवर बिऱ्हाड लादून पुढच्या तळावर. तळ कुणाच्या रानात टाकायचा ते आधी ठरलेलं असायचं. पण शेतकऱ्याचं मन फिरलं, विहिरीचं पाणी आटलं, की तळ हलायचा आणि मग निरोप यायचा. निरोप आणणारा कोणीही असे, दूधवाला, एसटीचा कंडक्टर, नाहीतर शाळा सुटून घरी निघालेला मास्तर. तळ हलला, अमक्याच्या मळ्यात या, एवढंच. निरोप आला की निघायचं. शंका काढत बसलं तर मेंढरं एका गावात आणि चूल दुसऱ्या गावात. त्यामुळं या लोकांच्या हाडीमाशी एक सवय मुरली आहे. जागा बदलली म्हणून कुणी सांगितलं तर तुम्हीआम्ही बिचकतो. यांची जागा रोजच बदलते, ते कशाला बिचकतील?

जुनी माणसं मात्र निरोपाबरोबर खूण धाडायची. नवराबायकोतलीच एखादी गोष्ट, तिसऱ्याला ठाऊक नसलेली. काल कालवणात मीठ नव्हतं म्हणावं. बांडी मेंढीच्या डाव्या खुरात काटा मोडलाय म्हणावं. निरोप्या ते सांगायचा, गालातल्या गालात हसायचा, आणि सारजाबाईला खूण पटायची. तिचा नवरा म्हस्कू बोलायला महाकंजूष, पण खुणा धाडण्यात त्याचा हात धरणारा नव्हता. एकदा त्यानं कंडक्टरबरोबर अशी काही खूण धाडली, की सारजाबाई पुढं वर्षभर त्या एसटीत चढली नाही.

आणि एक दिवस तिनं खूण विचारली नाही.

धाकटा लेक दादाभाऊ तेव्हा चार वर्षांचा होता, अंगात ताप घेऊन पडलेला. पाबळच्या अलीकडं तळ होता. मेंढरं चारायला गेलेली आणि लहान कोकरं नेहमीसारखी बायांपाशी वाघरात. दुपारी एक टेम्पो येऊन थांबला. उतरलेल्या माणसानं रामराम घातला. म्हस्कूचा निरोप आहे म्हणाला, तळ हललाय, पल्ला लांबचा आहे, म्हणून कोकरांसाठी टेम्पो धाडलाय, तुम्ही घोडी घेऊन मागून या. म्हस्कूचं नाव त्याला ठाऊक होतं, मेंढरं कुठल्या माळावर गेलीत तेही ठाऊक होतं. सारजाबाईला पोराच्या तापापुढं काही सुचत नव्हतं. तिनं एकेक कोकरू उचलून आपल्या हातानं त्या टेम्पोत घातलं. बेचाळीस कोकरं. वर त्या माणसाला तांब्याभर पाणी दिलं.

संध्याकाळी मेंढरं परतली ती थानं भरून. आपापल्या पिलाला हाका मारत रिकाम्या वाघरात शिरली. पुढं तीन दिवस ती ओरडत होती. म्हस्कूनं बायकोवर हात उगारला नाही की शिवी दिली नाही. तो फक्त म्हणाला, "खूण इचारली न्हाईस." मार खाल्ला असता तर सारजाबाई विसरलीही असती. ते तीन शब्द मात्र तिच्या काळजात रुतून बसले, ते अजून तिथंच आहेत.

त्याला आता पंचवीस-सव्वीस वर्षं झाली. म्हस्कूचे गुडघे गेले, दादाभाऊ पिकअप चालवून कांदा-बटाटा मंचरच्या मार्केटला नेऊ लागला, आणि मेंढरांमागं जायला घरात कोणी उरलं नाही. गेल्या साली पुष्पाला दिवस गेले तेव्हा सारजाबाईनं स्वतःच विषय काढला. मेंढरं विकू आणि गावात घर घेऊ. लोणीत त्यांचं होतं ते वस्तीवरचं एक पत्र्याचं छप्पर, तेही चुलत्याच्या जागेत. तिची स्वतःची तीन बाळंतपणं रानात झाली. थोरल्या हिराची नाळ माळशेजखाली कुणाच्या तरी बांधाला पुरली. ती आता खोडदला नांदते, आपण कुठं जन्मलो ते तिला दाखवता येत नाही. मधलं पोर जगलं नाही. दादाभाऊची नाळ जिथं पुरली तिथं आता पेट्रोल पंप झालाय. तिथं डिझेल भरताना तो पंपावरच्या पोरांना सांगतो की ही जागा माझी आहे, आणि पोरं त्याला सुटे पैसे मागतात. तो गमतीनं सांगतो, पण सारजाबाईला त्याची गंमत वाटत नाही. नातवंडाची नाळ तरी आपल्या दारात पुरायची, एवढी एकच हाव या बाईनं आयुष्यात धरली.

घर सापडलं ते रखमाजी गुरुजींचं. दोन खोल्या, पुढं पडवी, मागं थोडी मोकळी जागा. गुरुजी निवृत्त होऊन पुण्याला मुलाकडं राहायला गेलेले. अठरा लाखांना व्यवहार ठरला. दोन लाखांचा चेक विसार म्हणून दिला, उरलेले सोळा नोंदणीच्या आदल्या दिवशी गुरुजींच्या खात्यावर टाकायचे ठरले. घोडेगावच्या नोंदणी कार्यालयासमोर टेबल टाकून दस्त लिहिणारा सुनील कागदपत्रं करणार होता. बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांकात एक टक्का वाचतो हे त्यानंच सांगितलं, म्हणून घर सारजाबाईच्या नावावर घ्यायचं ठरलं. मेंढरांचे पैसेही तिच्याच खात्यात ठेवले. एवढ्या मोठ्या रकमेची मालकीण झाल्यावर ती महिनाभर नीट जेवली नाही. पैसे दिसत नाहीत, हाताला लागत नाहीत, मग ते आहेत कशावरून, हा तिचा सवाल होता आणि दादाभाऊ पासबुक दाखवून दमला होता.

घर बघायला गेले त्या दिवशी पुरुष मंडळी पडवीत चहा घेत बसली, तेव्हा गुरुजींच्या बायको वैजयंतीबाईंनी सारजाबाईला हाताला धरून मागच्या दारी नेलं. तिथं एक जुनी लिंबोणी होती. तिच्या बुंध्याशी एक चपटा दगड. वैजयंतीबाई हळू आवाजात म्हणाल्या, की माझ्या दोन्ही लेकरांच्या नाळा या दगडाखाली आहेत. घर तुमचं, काय वाटेल ते करा, पण जमलं तर एवढं झाड तोडू नका. सारजाबाईनं वाकून त्या दगडाला हात लावला आणि कपाळाला लावला. ही गोष्ट दोघींतच राहिली. कागदावर ती कशाला येईल?

नोंदणीच्या आदल्या दिवशी सकाळी दादाभाऊच्या फोनवर सुनीलचा व्हॉट्सअप मेसेज आला. त्याच नंबरवरून, त्याच गप्पांच्या खाली, जिथं महिनाभराचे सगळे कागद, फोटो, गट नंबर एकाखाली एक पडलेले होते. गुरुजींचं खातं केवायसीपायी बंद पडलंय, तेव्हा सोळा लाख त्यांच्या जावयाच्या या खात्यावर टाका. दुपारी दोनच्या आत टाका, नाहीतर उद्याचा नोंदणीचा नंबर जाईल आणि पुढचा महिन्यानं मिळेल. गुरुजींचं आज डोळ्याचं ऑपरेशन आहे, त्यांना फोन करून त्रास देऊ नका.

ऑपरेशन खरंच होतं. गुरुजींनी ते आठवड्यापूर्वीच सांगितलेलं. दादाभाऊनं तरीही फोन लावून बघितला, तो बंद लागला. त्यानं मेसेज बापाला वाचून दाखवला. म्हस्कू म्हणाला, बदललं असंल खातं, निरोप आलाय नव्हं, मग निघा. हीच ती हाडीमाशी मुरलेली सवय. तळ हलला की चालू लागायचं, तसं खातं हललं की पैसे हलवायचे. बापलेकांना त्यात वावगं असं काही दिसलंच नाही. पुष्पाला नववा महिना लागलेला, नंबर महिनाभर पुढं गेला तर पोर पत्र्याखाली होणार, एवढंच त्यांना दिसत होतं. सारजाबाई त्या वेळी चुलत्याच्या गोठ्यात होती. तिला फक्त सांगण्यात आलं की बँकेत अंगठा द्यायला चल.

मंचरच्या बँकेत त्या दिवशी गर्दी होती. काउंटरवरच्या मॅडमनी आरटीजीएसचा कागद तपासला आणि विचारलं, की खातं बरोबर आहे ना, एकदा पैसे गेले की परत आणणं अवघड असतं. दादाभाऊ हो म्हणाला. मॅडमनी शाईचा डबा पुढं सरकवला. सारजाबाईनं अंगठा शाईवर दाबला, उचलला, आणि सहज, अगदी सहज विचारलं, की ह्ये गुरुजींच्याच खात्यावर चाललंय ना. तेव्हा दादाभाऊ म्हणाला, न्हाई आये, खातं बदललं, सुनीलभाऊचा निरोप आलाय.

सारजाबाईचा अंगठा तसाच वर राहिला. बदललं. निरोप. इतक्या वर्षांनी ते दोन शब्द तिच्या कानावर शेजारी शेजारी पडले. नाकात कोकरांच्या लोकरीचा वास भरला. बँकेतली माणसं, पंखे, काउंटरची काच, सगळं लांब लांब गेल्यासारखं झालं.

"खूण काय धाडलीया?" तिनं विचारलं.

दादाभाऊला आधी कळेचना. कळलं तेव्हा तो ओशाळला. मागं रांग खोळंबली होती. त्यानं तिला बाजूला घेऊन समजावलं, की फोनवर खूण नसते, नंबर हीच खूण, हे बघ सगळे कागद इथंच आहेत. सारजाबाई म्हणाली, कागद ज्याच्या हाती लागतील तो दाखवील. मला खूण पायजे. मायलेकांची कुजबुज चालली असतानाच फोन वाजला. सुनीलच्याच नंबरवरून, व्हॉट्सअपवर. दादाभाऊनं सुटल्यासारखा श्वास टाकला आणि आईलाही ऐकू यावं म्हणून स्पीकर लावला.

आवाज सुनीलचा नव्हता. सुनीलभाऊ साहेबांच्या केबिनमध्ये आहेत, मी त्यांचा असिस्टंट बोलतोय, असं तो माणूस म्हणाला. आवाज गोड होता, साखरेत घोळल्यासारखा. दीड वाजला दादाभाऊ, अजून पैसे दिसत नाहीत म्हणाला. दादाभाऊ पडेल आवाजात बोलला, की आई जरा अडून बसलीय. तो हसला आणि म्हणाला, "आई, काळजी करू नका. वहिनींचे दिवस भरत आलेत ना? बाळ आपल्या हक्काच्या घरात यायला नको का?"

सारजाबाईनं दादाभाऊकडं पाहिलं. पुष्पाचे दिवस याला कसे ठाऊक? दादाभाऊ चपापला. घाई करा म्हणून त्यानंच मागं सुनीलला ते लिहिलेलं होतं. पण आईला ते ठाऊक नव्हतं. तिला एवढंच कळलं, की ज्याला आपण पाहिलं नाही तो माणूस आपल्या पालात डोकावून गेलाय, सुनेच्या पोटापर्यंत पोचलाय. टेम्पोवाल्यालाही म्हस्कूचं नाव ठाऊक होतंच की.

तिनं फोन जवळ घेतला. "गुरुजींच्या मंडळींनी मला मागच्या दारी काय दाखवलं, तेवढं इचारून सांगा. लगीच अंगठा देते."

पलीकडं कुणीतरी दुसरं काहीतरी बोलल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, तुळस दाखवली ना आई, तुळशीवृंदावन.

सारजाबाई म्हणाली, "तुळस म्होरल्या दारी असती, बाबा. म्या मागलं इचारलं."

मग त्या आवाजातली साखर गळून पडली. त्यानं तिला म्हातारे म्हटलं. दोन वाजले की व्यवहार मोडला, विसाराचे दोन लाख बुडाले, आणि तुझ्या हट्टापायी नातू उघड्यावर जन्माला येईल, रानात, तुमच्या जातीला साजेसा, असं म्हणून त्यानं फोन ठेवला.

इथं सारजाबाई जिंकली असं वाटत असेल, तर तसं नाही. त्या घटकेला तिला काहीच ठाऊक नव्हतं. चोर असाच बोलतो, पण चिडलेला कारकूनही असाच बोलतो. तिनं असले कारकून आणि असले शेतकरी जन्मभर पाहिले होते. तो खरा असला तर? सुनीलचा माणूस असला, आणि लिंबोणीची गोष्ट त्याला खरोखरच ठाऊक नसली तर? मग आपल्या एका वेड्या सवयीपायी घर जाणार. दादाभाऊ तिच्याकडं बघत होता. मॅडम बघत होत्या. घड्याळात पावणेदोन झाले होते. कागद समोर होता, अंगठ्याला शाई होती, आणि नातवंडाचं घर त्या दोहोंमधल्या वीतभर अंतरात अडकलं होतं. ती मनात म्हणाली, खंडोबा, मला काय कळंना बाबा.

मग तिनं अंगठा लुगड्याला पुसला आणि म्हणाली की घोडेगावला चल, मला सुनीलचं तोंड बघायचंय.

मंचर ते घोडेगाव अर्ध्या तासाचा रस्ता. पिकअप चालवताना दोन वाजून गेल्याचं दादाभाऊनं घड्याळात पाहिलं, तिनंही त्याच्या तोंडावर ते पाहिलं. गिरवलीच्या फाट्याच्या पुढं तो एवढंच म्हणाला, "आये, घर गेलं तर म्या तुला कायबी बोलनार न्हाई. पन पुष्पाला तूच सांग." त्याच्या बापानं बोललेल्या तीन शब्दांपेक्षा हे बरंच लांब होतं, तरी घाव तिथंच बसला. सारजाबाई निळा अंगठा मुठीत धरून बसून राहिली.

सुनील आपल्या टेबलापाशी चहा पीत बसला होता. यांना पाहून त्यालाच नवल वाटलं. कसलं खातं बदललं? त्यानं काही कळवलंच नव्हतं. त्याचं व्हॉट्सअप काल संध्याकाळपासून बंद होतं. कुणाची तरी लग्नपत्रिका म्हणून काही आलं, त्यानं ते उघडलं, आणि तेव्हापासून फोन वेड्यासारखा करत होता. दुकानात दाखवायला वेळ नव्हता. मला साधा फोन का नाही लावला, त्यानं विचारलं. दादाभाऊ खाली बघायला लागला. त्याच्या वयाच्या पोरांना साधा फोन लावायची सवयच राहिलेली नाही, सगळं त्या हिरव्या चौकोनात. सुनीलनं दादाभाऊच्या फोनवरचा मेसेज वाचला, आणि वाचता वाचता त्याचा चेहरा पांढरा पडत गेला. माझे सगळे व्यवहार त्यात आहेत, सगळ्यांचे कागद, तो पुटपुटला.

दादाभाऊनं खाली बसून दोन्ही हातांनी आईचे पाय धरले. सारजाबाईला मात्र आनंद झाला नाही. वाचलो म्हणून आनंद व्हायला जेवढा वेळ लागतो तेवढा तिला मिळालाच नाही.

कारण तेवढ्यात तळेघरची एसटी आली आणि तिच्यातून भागू उतरला. डोंगरातला, पन्नाशीचा, धुतलेला सदरा घातलेला माणूस. त्याची मुलगी नूतन घोडेगावात कॉलेजला होती. तिला राहायला दोन खोल्या घ्यायच्या म्हणून त्यानं भाताचं एक खाचर विकलं होतं, आणि त्याचेही कागद सुनीलकडंच होते. तो लांबूनच हसत आला. बँकेची पावती त्यानं दोन्ही हातांत जपून धरली होती.

"टाकलं बरं का, भाऊ," तो म्हणाला. "सकाळीच टाकलं. नवं खातं पोरीनं वाचून दिलं."

सुनीलनं तोंड उघडलं आणि मिटलं. दादाभाऊ उठून बाजूला गेला. भागू एकाकडून दुसऱ्याकडं बघत राहिला, आणि त्याचं हसू तोंडावर तसंच राहून गेलं, कारण ते कधी काढायचं हे त्याला कुणी सांगत नव्हतं. सारजाबाईला ते बघवेना. तिच्या कानात मेंढ्या ओरडायला लागल्या. तिनं उठून त्याला बाकड्यावर बसवलं, माठातलं पाणी आणून दिलं, आणि त्यानं ते पिऊन होईपर्यंत थांबली. मग म्हणाली, "भाऊ, माजी बेचाळीस कोकरं चोरानं नेली व्हती. त्याच्या टेम्पोत म्याच उचलून घातली. एकेक करून. असं व्हतं. तुमी येडं न्हाई."

त्याला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा तो ओरडला नाही, त्यानं फक्त पावतीची घडी घातली, पुन्हा उघडली, पुन्हा घातली. दादाभाऊनं सायबर फसवणुकीच्या १९३० नंबरला फोन लावला, सुनील भागूला घेऊन बँकेत पळाला, पोलिसांत तक्रार झाली. सकाळपासून चार-पाच तास उलटले होते. तेवढ्यात ते पैसे कुठल्या कुठल्या खात्यांतून फिरून गेले होते. थोडे वाटेत अडवले गेले, ते मिळतील असं म्हणतात. बाकीच्यांचा पत्ता नाही. नूतन अजून मैत्रिणीच्या खोलीत राहते. सारजाबाई कधी घोडेगावला गेली की तळेघरच्या गाडीकडं पाठ करून बसते. तो माणूस उतरेल याचं तिला भय वाटतं, आणि उतरला नाही तर त्याचंही.

नोंदणी पंधरा दिवस पुढं गेली. गुरुजी डोळ्याला काळा चष्मा लावून आले, बरोबर वैजयंतीबाई. या खेपेला सारजाबाईनं आपली रीत चालवली. फोनवर एक अक्षर नाही. सगळे मंचरच्या बँकेत समोरासमोर बसले. गुरुजींनी आपलं पासबुक स्वतःच्या हातानं मॅडमपुढं ठेवलं. आधी एक रुपया धाडला, तो त्यांच्या खात्यावर पोचल्याचं गुरुजींच्या फोनवर बघितलं, मग बाकीच्या रकमेचा कागद पुढं आला. गुरुजी हसून म्हणाले, की सारजाबाई, आता तरी विश्वास बसला का? तिनं शाईचा अंगठा वर धरूनच ठेवला. समोर बसलेल्या, ओळखीच्या, हात धरून मागच्या दारी नेणाऱ्या बाईकडं तिनं पाहिलं आणि विचारलं, "बाई, मागल्या दारी मला काय दाखवलंत?"

गुरुजींचं हसू मावळलं. दादाभाऊ लाजेनं लाल झाला. वैजयंतीबाई मात्र हसल्या नाहीत की रागावल्या नाहीत. त्या खुर्चीवरून उठल्या, सारजाबाईच्या कानाशी वाकल्या आणि हळूच ते सांगितलं. तेव्हा कुठं अंगठा कागदावर टेकला.

बाळ नव्या घरात आलं. मुलगी झाली. सातव्या दिवशी नाळ पडली. त्या दिवशी दुपारी सारजाबाईनं म्हस्कूला पडवीत बसवलं, मागचं दार आतून लावून घेतलं, आणि बाळंतिणीला धरून हळूहळू लिंबोणीपाशी नेलं. चपटा दगड उचलला. खुरप्यानं वीतभर माती काढली. आयुष्यभर ज्याची हाव धरली ते काम हाताशी आलं होतं, आणि ती पुन्हा पुन्हा कुंपणापल्याड बघत होती. पल्याड कोणी नव्हतं. घरात फोन वाजला. तिचा हात थांबला. वाजून वाजून तो बंद झाला, तेव्हा तिनं नाळ मातीत ठेवली, माती सारली आणि दगड पहिल्यासारखा बसवला.

पुष्पा फोटो काढायला निघाली होती, सारजाबाईनं तिचा हात धरला.

"फोटू नको," ती म्हणाली. "ह्ये कुठं लिवू नको. हिराला सांगू नको, फोनवर तर दादालाबी बोलू नको. उद्या माज्या नावानं तुला निरोप आला, ह्ये इक, ते दे, पोरीला घिऊन हिकडं ये, तर आदी इचार लिंबोणीखाली काय हाय ते."

पुष्पा म्हणाली, की आत्या, तुमचा आवाज मला कळंल की.

"आवाज माजाच आसंल," सारजाबाई म्हणाली. "तरीबी इचार."